बदामाचं लाल पान

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी देशी बदाम आहे, मागे पर्जन्यवृक्ष. थंडी सरत आली की बदाम लालभडक होतो आणि ग्रुपवर 'कचरा कधी उचलणार?' सुरू होतं.

माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात, खताच्या प्रयोगशाळेत गेली. रोज तेच, खतातला नायट्रोजन मोजायचा. नमुना सल्फ्युरिक ॲसिडमध्ये शिजवायचा, कॉस्टिक सोडा घालून अमोनिया काढायचा, तो बोरिक ॲसिडमध्ये धरायचा आणि ब्युरेट, म्हणजे खुणांची काचनळी, घेऊन थेंब मोजत बसायचं. जेलडाल नावाच्या डॅनिश रसायनतज्ज्ञाने 1883 साली घालून दिलेली ही रीत. युरियात नायट्रोजन 46 टक्के. जरा कमी भरला की पुन्हा करा. निवृत्तीआधी एका रिकाम्या दुपारी मी साहेबांच्या नकळत बदामाची वाळवलेली दोन पानं तपासायला लावली, एक झाडावरचं हिरवं, एक गळालेलं लाल. पानात नायट्रोजन असतोच साधारण एक ते तीन टक्के, युरियापुढे चिल्लर. पण लाल पानात तीही बरीच कमी भरली. म्हणजे पान सोडण्याआधी झाडाने खिसे तपासून घेतले होते!

पानातला बराचसा नायट्रोजन रुबिस्कोसारख्या प्रथिनांत असतो. हवेतला कार्बन पकडायचं काम रुबिस्कोचं. म्हणून पानात नायट्रोजन किती, यावर झाडाची कमाई ठरते, आणि तो किती परवडतो हे माती ठरवते. ॲमेझॉनमध्ये रिओ निग्रोच्या काठी पांढऱ्या वाळूवर जंगल आहे, नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं. तिथल्या पानांत नायट्रोजन कमी, पण पानं जाड, चिवट, वर्षानुवर्षं टिकणारी. गरिबाघरी भांडं फुटू देत नाहीत, तसं. अँडीजच्या पायथ्याकडे माती तरुण, सुपीक. तिथे पानं पातळ आणि सढळ.

ॲमेझॉनच्या मधल्या भागातल्या जुन्या तांबड्या मातीचं गणित मला उशिरा कळलं. आपल्या जांभ्यासारखीच ती. लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरसला धरून बसतात. तिथे नायट्रोजनची ओढाताण नसते, अडतं ते फॉस्फरसपाशी. त्यातला थोडा तर सहाराच्या धुळीतून समुद्र ओलांडून येतो, वर्षाला सुमारे 22,000 टन. खत पिशवीतून येतं एवढंच ठाऊक असलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटली.

आमचा पर्जन्यवृक्षही मूळचा अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलाच, शेंगांच्या कुळातला. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू त्याला हवेतला नायट्रोजन मिळवून देतात, त्यामुळे त्याचा पाला बदामाच्या पानांपेक्षा खताला चांगला.

यंदा माळ्याने लॉनसाठी युरियाची गोणी मागवली. त्याच सकाळी पालापाचोळा भरलेल्या गोण्या गाडीत चढल्या. मी पर्जन्यवृक्षाखालच्या दोन गोण्या काढून जिन्याखाली सरकवल्यात. सेक्रेटरींना अजून दिसलेल्या नाहीत.