बातम्या का सोडल्यात, असं विचारता म्हणून

"बाई, तुम्ही बातम्या बघायचं का सोडलंत? ग्रुपवरूनही गेलात!" देवळात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत हाच प्रश्न. विचारणारे बहुतेक माझेच विद्यार्थी. त्यांच्याकडून मी रोज फळ्यावर ठळक बातमी लिहून घ्यायचे, म्हणून प्रश्नात थोडा ठपकाही असतो. एकदाच सविस्तर सांगते.

वर्तमानपत्र मी सोडलेलं नाही. सकाळचा पेपर निधनवार्तांपर्यंत वाचते. सोडलं ते टीव्हीवरचं संध्याकाळचं भांडण आणि दिवसभर वाजणारा फोन. मध्यरात्री जाग आली की हात आधी उशीखाली जायचा. कुणा अनोळखी माणसाने कुणाला तरी देशद्रोही ठरवलेलं वाचलं की छाती धडधडायची, आणि मग पहाटेपर्यंत मनातल्या मनात त्याला उत्तरं देत पडायचं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली, तेव्हाही मी वयालाच दोष दिला.

पण खरं कारण २०२२ ची चवथ, आमच्या गोव्यातली गणेशचतुर्थी.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूळ घरी सगळे जमलो होतो. भाऊ स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, बांधत होता, मी खालून एकेक वस्तू देत होते: सुपारीचा घोस, आंबाडे, तोरिंजन. आत वहिनी नेवऱ्या तळत होती. ओसरीवर टीव्ही चालू होता आणि विरोधी पक्षाचे आमदार फुटणार, अशी चर्चा रंगली होती. भाऊ वरूनच म्हणाला, "बघ, तुझे सगळे आता आमच्यात येणार." मी म्हटलं, "निवडणुकीआधी देवळात, क्रुसापुढे, दर्ग्यात शपथा घेतल्यात त्यांनी. पक्ष सोडणार नाही म्हणून."

"तुका कितें कळटा? जन्मभर पोरांना बाराखडी शिकवलीस."

हे भाऊ बोलला, वहिनीच्या आणि मुलांच्या देखत. मग मीही मागे राहिले नाही. मुलाच्या सरकारी नोकरीसाठी तो कुणाच्या ओसरीवर किती वेळ ताटकळतो, ते मी सगळ्यांसमोर काढलं. तो खाली उतरला. हातातला केवणीचा दोर त्याने स्टुलावर टाकला आणि बाहेर गेला. उरलेली माटोळी पुतण्याने पुरी केली. दुसऱ्या दिवशी आरतीला तो एका टोकाला, मी दुसऱ्या. जेवण होताच गाडी काढून तो मडगावला गेला, विसर्जनालाही थांबला नाही. गणपती पोचवायला मूळ घरचा थोरला मुलगा नाही, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

त्यानंतर १४ सप्टेंबरला विरोधी पक्षाच्या ११ पैकी ८ आमदार सत्ताधारी पक्षात गेले. मी ज्यांची बाजू घेतली ते आणि भाऊ ज्यांची घेत होता ते, एकाच बाकावर. आम्ही दोघं मात्र वर्षभर बोललो नाही.

"म्हणजे भाऊच बरोबर होता," असं तुम्ही म्हणता. मी म्हणत नाही. देवापुढे घेतलेली शपथ पाळली जाईल असं धरून चालणं चूक नव्हे, हे मी आजही त्याला तोंडावर सांगेन.

"पूर्वी असं नव्हतं," हेही मला पटत नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आमच्या एका घरात फूल (विलीनीकरणाची खूण) आणि दोन पानं (विरोधाची) दोन्ही होती. बाबा विलीनीकरणवाले, काका विरोधात. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं आणि पुढे कितीतरी दिवस काकांनी आमच्या चुलीवरचा चहा घेतला नाही. कोकणी राजभाषा व्हावी की मराठी, यावरच्या १९८६ च्या भाषा आंदोलनात तर माणसं मेली. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. पण तेव्हाचा प्रश्न आपला होता. जनमत कौलात मत द्यायची तारीख होती, मोजणी झाली, निकाल लागला. आताच्या भांडणात मला कुणी मत विचारत नाही. ते कुठल्या तरी दूरच्या शहरातून रोज घरात येतं, आणि कधी संपणार ते कुणीच सांगत नाही.

तरीही माझ्यातली जुनी बाई गप्प बसत नाही. पेपर न वाचणारा अर्धाच नागरिक, असं वर्गात सांगणारी. ती म्हणते, "पेन्शन सुरू आहे म्हणून तुला शांतता परवडते. ज्याच्या घरामागचा डोंगर कापतात, त्याने टीव्ही बंद करून भागेल?" मी तिला सांगते, ग्रामसभा मी चुकवत नाही. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली आमच्या भागातल्या जमिनीचा झोन बदलायला निघाले, तेव्हा सर्व्हे नंबर मीच उभी राहून वाचून दाखवले. ती विचारते, "आणि ते नंबर तुला कुठून मिळाले? ग्रुपवरूनच ना?" ग्रुपवरूनच मिळाले होते. तेव्हा मी ग्रुपवर होते.

भाऊ आता बोलतो, पण जपून, पावसाबद्दल आणि नारळाच्या भावाबद्दल. मध्यंतरी मी त्याला म्हटलं, चवथीला ओसरीवरचा टीव्ही बंद ठेवू या. तो म्हणाला, "म्हणजे आपण एकमेकांना खरं काय वाटतं ते बोलायचंच नाही?" मला राग आला, कारण प्रश्न योग्य होता.

ग्रुपवर मी परत येणार नाही, आग्रह करू नका. सर्व्हे नंबर आले की फोन करा, नाहीतर कागद घरी आणून द्या. वाचून दाखवायला मी येते.