शिट्टी नसलेली किटली

‘ही वस्तू विकायची नाही, तर मग बनवता कशाला?’ हे मला दर प्रदर्शनात कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा माझी किटली असते आणि तिला उलटीपालटी करून तो बटण शोधत असतो. बटण नाहीच. शिट्टी नाही, दिवा नाही, पाणी उकळल्यावर आपोआप बंद व्हायची सोयही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा पाल्हाळ लावते.

या कामाला स्पेक्युलेटिव्ह डिझाइन म्हणतात. नाव भारदस्त, काम साधं: आज नाही, पण असू शकली असती अशी वस्तू घडवायची आणि लोकांपुढे ठेवायची. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अँथनी डन आणि फियोना रॅबी या दोघांनी १९९०च्या दशकापासून ही वाट पाडली. अडचण सोडवणारी वस्तू सगळेच बनवतात. अडचण नेमकी काय आहे असं विचारणारी वस्तूही बनवता येते, हे मी त्यांच्या कामातून शिकले.

मी विचारते ते स्वयंपाकघराबद्दल. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. बाईच्या फेऱ्या कमी व्हाव्यात, हात पुढे केला की वस्तू मिळावी, असा हिशेब. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. ज्याची पाठ ओट्याशी उभं राहून दुखली आहे तो या हिशेबाला नावं ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. पण तेव्हापासून स्वयंपाकघरातली प्रत्येक नवी वस्तू एकच वचन देत आली: वेळ वाचेल. वेळेबरोबर आपलं लक्षही वाचवून टाकलं, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

माझा पहिला प्रयत्न साफ फसला. चुलीवर काही असताना तुम्ही फोन हातात घेतलात की थरथरणारं झाकण मी बनवलं होतं. चार दिवस घरी वापरलं आणि पाचव्या दिवशी तारा उपटल्या. घरात मुकादम आणून बसवल्यासारखं झालं होतं. ‘सजग जगण्यासाठी’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच वस्तूंचं हेच होतं. घाईघाईने जेवलात तर थरथरणारा काटा बाजारात येऊनही गेला. माणूस मग घासाकडे बघत नाही, काटा आता काय म्हणेल याकडे बघतो.

किटली सुचली ती अपघाताने. घरच्या जुन्या किटलीची शिट्टी हरवली, म्हणून मी पाण्याजवळ उभी राहायला लागले. आधी काहीच नाही. मग बुडाशी बारीक टिकटिक. मग सणसण सुरू होते आणि वाढतच जाते, इतकी की आता उकळलंच असं वाटावं. अजून उकळलेलं नसतं. तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या कमी तापलेल्या पाण्यात शिरताच मिटतात, तो त्या मिटण्याचा गोंगाट. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न मिटता वरपर्यंत येतात आणि आवाज एकदम खाली बसतो, मऊ होतो. म्हणजे खरी उकळी फुटते ती आवाज उतरल्यावर. आयुष्यभर पाणी उकळवूनही हे मला माहीत नव्हतं, कारण दरवेळी शिट्टी मध्ये बोलायची.

मग मी किटलीत काही घातलं नाही, काढलंच. तोंड तेवढं शिंगासारखं पसरट केलं, आतला आवाज बाहेर यावा म्हणून.

या बाबतीत माझ्या डोळ्यांपुढे जिह्युन र्‍यू या कोरियन डिझायनरचं २००९ मधलं काम होतं. फ्रिजबाहेर भाज्या ठेवायच्या फळ्या तिने बनवल्या: गाजरं ओल्या वाळूत उभी, बटाट्यांच्या वर सफरचंदं, कारण सफरचंदांतून निघणाऱ्या वायूमुळे बटाट्यांना कोंब उशिरा फुटतात. अंड्यांजवळ पाण्याचा पेला. ताजं अंडं बुडतं, जुनं तरंगतं. त्या फळ्या टोकत नाहीत. वाळू वाळली तर तुम्हालाच दिसते.

आता कबुली. मी माझी किटली दोनदा कोरडी जाळली. एकदा दार वाजलं म्हणून, एकदा नुसत्याच विचारात. भान ठेवायला बनवलेल्या वस्तूशेजारी उभी राहून माझं भान हरपलं होतं. ज्याला ऐकू कमी येतं, ज्याच्या कडेवर मूल आहे, ज्याला विसरायला होतं, अशा घरात ही वस्तू धोक्याची आहे. विकायची तर तिला आपोआप बंद व्हावंच लागेल, आणि ती सोय बसवली की कान देऊन उभं राहायचं कारणच उरत नाही. म्हणून विकत नाही. हे मी प्रदर्शनात सांगते तेव्हा लोकांना मी पळवाट काढतेय असं वाटतं. थोडीशी काढतेही.

पण मी ती उसनी देते. एका मैत्रिणीने दोन आठवडे नेली होती. परत आणली तेव्हा बूड काळं झालं होतं आणि आत क्षारांचा पांढरा थर, घासायची तसदी घेतलेली नव्हती. म्हणाली, ‘ही तुझी तुला लखलाभ. माझी बटणाचीच बरी. फक्त आता ती खटकन बंद व्हायच्या आधी गप्प होते, ते ऐकू येतं.’