नजरेची उंची

सध्या एका परीकथेची चित्रं काढते आहे. गोष्टही माझीच. ओहोटीच्या वेळी खडकांत अडकलेला एक शेपटीवाला मुलगा, त्याला पाहणारी एक मुलगी आणि भरती येईपर्यंतचा वेळ, इतकीच ती आहे. समुद्रातली माणसं म्हटलं की राजवाडे, मोत्यांच्या माळा, शिंपल्यांची सिंहासनं ओघानेच येतात. मला त्यातलं काही नको होतं. मला दयाळूपणा काढायचा होता, आणि तो काढणं फार अवघड असतं.

कारण मदत करणारा चित्रात आपोआप मोठा होतो. तो उभा असतो, दुसरा पडलेला. तो खाली बघतो, दुसरा वर. मूल अक्षरं वाचायला शिकण्याआधी हे वाचायला शिकतं. मजकुरात ‘ती खूप प्रेमळ होती’ असं कितीही लिहा, चित्रात ती उंचावर असेल तर मुलाला एक भारी आणि एक बिचारा एवढंच दिसतं. म्हणून माझी मुलगी खडकावर पालथी पडली आहे, हनुवटी दगडाला टेकवून. दोघांचे डोळे एका रेषेत. मुलगा पाण्यात सुटेपर्यंत ही रेषा मी कुठेच मोडू देणार नाही.

मुलाची शेपटी नायलॉनच्या जाळ्यात अडकली आहे. मुलीकडे सुरी नाही. दातांनी नायलॉन तुटत नाही. शेपटी धरून ओढावं तर तो कळवळतो. मग तिला जमतं ते ती करते. टॉवेल भिजवून त्याच्या पाठीवर टाकते, ओंजळीने पाणी आणते, सावली पडेल अशी बसते. किनाऱ्यावर येऊन पडलेल्या डॉल्फिनसाठी जाणकार हेच सांगतात: कातडी ओली ठेवा, ऊन लागू देऊ नका, शेपटी धरून ओढू नका, श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका. पाण्याबाहेर डॉल्फिनचं अंग तापतं आणि स्वतःच्याच वजनाखाली दबतं. माझ्या मुलाचंही तेच होतंय, म्हणून भरतीची वाट बघायची. पाणी चढलं की अंग हलकं होईल आणि ताणलेले फास सैल पडतील.

शेपटीबद्दल थोडं, कारण मला हा भाग फार आवडतो. माशाच्या शेपटीचा पर उभा असतो आणि डावीउजवीकडे हलतो. डॉल्फिन, देवमासा, डुगाँग म्हणजे समुद्रगाय यांचा आडवा असतो आणि वरखाली हलतो. चित्रकार जलपरीला खवले माशाचे देतात, पण शेपटी बहुतेक वेळा आडवी काढतात. मीही आडवीच ठेवली. माझी ही माणसं हवेवर जगतात, श्वास घ्यायला वर येतात. त्यामुळे खडकावर मुलाचा जीव गुदमरत नाही आणि तो तिच्याशी बोलू शकतो.

हे बोलणं मला हवंच होतं. शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट आठवा. सकाळी हात धुवायच्या पाण्यात एक इवलासा मासा त्याच्या हातात येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मी तुला वाचवीन. मनू त्याला आधी भांड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात ठेवतो. पुढे पूर येतो तेव्हा त्याच माशाच्या शिंगाला मनूची नाव बांधलेली असते. मला त्यातलं सगळ्यांत भावतं ते हे की, मासा लाचार नाही. ओंजळीत मावणारा जीव बरोबरीने बोलतो.

दुसऱ्या टोकाला डॅनिश लेखक अँडरसनची १८३७ सालची जलपरी. ती वादळात राजपुत्राचं डोकं रात्रभर पाण्यावर धरून ठेवते, सकाळी त्याला वाळूवर नेऊन ठेवते आणि फेसाआड लपते. तो शुद्धीवर येतो तेव्हा समोर दुसरीच मुलगी असते. वाचवलं कोणी हे त्याला कळत नाही, पुस्तक वाचणाऱ्या मुलाला मात्र ठाऊक असतं. याहून सुंदर प्रसंग मला कुठे सापडलेला नाही. पण पुढे ती आपला आवाज देऊन टाकते, ते मला सहा वर्षांच्या मुलासमोर दयाळूपणा म्हणून ठेवायचं नाही. स्वतःला पुसून टाकणं वेगळं.

म्हणून माझ्या गोष्टीत मधेच तो मुलगा तिला म्हणतो, “तुझे गुडघे सोलवटलेत. जरा थांब.” आणि ती थांबते. जाळ्यात अडकलेल्यालाही दुसऱ्याचे गुडघे दिसतात. अख्ख्या पुस्तकातलं हे माझं सर्वांत लाडकं वाक्य आहे.

कच्ची चित्रं पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाने विचारलं, मग तो तिला मोती देतो का? नाही देत. मोती आला की आधीचं सगळं पाणी मजुरीचं होऊन बसतं.

चित्रांच्या पुस्तकाची पानं बहुधा ३२ असतात, कारण छपाईचा कागद घडी घालून सोळा-सोळा पानांचे जुडगे होतात. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास जातात. एवढ्याशा पानांत इतकं थांबणं दाखवायचं, तर समोरासमोरच्या पानांवर तेच दोघं, तोच खडक पुन्हा पुन्हा काढायचा. बदलते ती सावलीची लांबी आणि पाण्याची रेघ. कंटाळवाणं होईल असं मला सांगण्यात आलं. माझ्या भाचीने मात्र बोटाने ती रेघ प्रत्येक पानावर शोधली, आणि कोपऱ्यातला खेकडा कुठून कुठे गेला हेही सांगितलं.

मुलगा सुटून गेल्यावर भाची म्हणाली, “आणि जाळं?”

खरंच, ते तिथेच होतं. नायलॉन कुजत नाही. टाकून दिलेलं जाळं वर्षानुवर्षं पाण्यात राहतं आणि कुणी नसतानाही मासे, कासवं पकडत राहतं. त्यामुळे एक चित्र वाढवलं आहे. पुढच्या ओहोटीला मुलगी सुरी घेऊन येते, बरोबर घरातली दोन मोठी माणसं, आणि तिघं मिळून खडकात रुतलेलं जाळं सोडवतात. समुद्रात दूरवर कुणाचं डोकं काढावं का, यावर बराच विचार केला. काढणार नाही. त्या पानावर तिघांनाही भरपूर काम आहे.