लान-मू-ज्या म्हणजे आपलं रामगड

तैवानमधल्या तायचुंग शहरात, स्टेशनजवळच्या एका फुलवाल्या बाईंकडून मुद्दाम गुलाब घेतले. दुसरं कुठलं फूल चाललंच नसतं. मी निघाले होते जनरल सुन ली-रन यांच्या घरी, आणि या शहरात त्यांचं नाव लढायांइतकंच गुलाबांशी जोडलेलं आहे.

घर गावाच्या पश्चिम भागात आहे. जपानी अमदानीतलं, लाकडी, बैठं. आता तिथे त्यांचं स्मारक आहे. आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की घर फार मोठं नाही. चार पावलं टाकली की खोली संपते. 1955 ते 1988, म्हणजे 33 वर्षं, या माणसाला नजरकैदेत ठेवलं होतं. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, परत आले, आणि मग काही वेळ नुसती उभी राहिले.

कैद करणारे जपानी नव्हते, त्यांचंच सरकार होतं. सुन तैवानच्या सैन्याचे सरसेनापती होते, पुढे राष्ट्राध्यक्ष च्यांग काय-शेक यांचे चीफ ऑफ स्टाफ झाले. अमेरिकेत शिकलेले, अमेरिकनांच्या मर्जीतले आणि सैनिकांचे लाडके. एवढं वर्चस्व च्यांगना खुपलं असणार, असं मला वाटतं. हाताखालच्या एका अधिकाऱ्याला हेर ठरवलं, बंडाचा कट होता असं म्हटलं आणि यांना घरात बसवलं. खटला कधी उभाच राहिला नाही. पगार आटला, तेव्हा त्यांनी अंगणात गुलाब लावले. ती फुलं बाजारात विकायला जायची आणि घेणाऱ्या बायका त्यांना ‘जनरलचे गुलाब’ म्हणायच्या. लोकांना सगळं ठाऊक होतं, बोलायची सोय नव्हती. फुलं विकत घेणं हेच त्यांचं बोलणं असेल.

भिंतींवर फोटो आहेत. 1900 सालचा, आन्ह्वेई प्रांतातला जन्म. 1921 मध्ये शांघायच्या सुदूर पूर्व क्रीडास्पर्धेत जिंकलेल्या चिनी बास्केटबॉल संघात हा उंच मुलगा होता. मग पर्ड्यू विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग आणि तिथून व्हर्जिनियाच्या लष्करी संस्थेत. 1937 च्या शांघायच्या लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्यांनी अंगाची चाळण झाली, तरी पुन्हा उभे राहिले.

ज्यासाठी जग त्यांना ओळखतं ते येनांगयाँग. एप्रिल 1942, ब्रह्मदेश. रंगून पडलेलं, ब्रिटिश फौज उत्तरेला सरकतेय, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून तेलविहिरी पेटवून दिलेल्या. त्या धुरात आणि उन्हात सुमारे 7,000 सैनिक वेढ्यात सापडले. प्यायला पाणी नाही. सुन यांच्या 38 व्या डिव्हिजनची 113 वी रेजिमेंट, जेमतेम अकराशे माणसं, ल्यू फांग-वू यांच्या हाताखाली चालून गेली आणि तीन दिवसांच्या झुंजीनंतर वेढा फुटला. सगळीकडे ‘ब्रिटिशांची सुटका’ असं लिहिलेलं असतं. मला दर वेळी सांगावंसं वाटतं, की वेढ्यात सापडलेल्या त्या ब्रिटिश डिव्हिजनमध्ये तेरावी भारतीय ब्रिगेड होती. गढवाली, राजपूत, पंजाबी पलटणींतली आपली माणसं होती. त्यांच्यापैकी किती घरांत पुढे नातवंडं खेळली असतील, आणि त्या घरांत हे नाव कुणाला माहीत असेल?

पण ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेलाच. त्या पराभवानंतर बाकीच्या चिनी तुकड्यांना उत्तरेच्या जंगलांतून नेलं गेलं. पावसाळा, उपासमार आणि रोगराईत हजारो माणसं वाटेतच गेली. सुन मात्र पश्चिमेला वळले आणि आपली डिव्हिजन शिस्तीत इम्फाळपर्यंत घेऊन आले.

पुढच्या फोटोत झाडीत कवायत करणारे सैनिक होते. खाली तीन चिनी अक्षरं. मला कामापुरतं चिनी येतं, अक्षरं जुळवून वाचलं: लान-मू-ज्या. काही बोध होईना. तिथे देखरेखीला एक आजोबा होते, पांढरी टोपी घातलेले. त्यांना विचारलं.

“हे तुमच्याच देशात आहे की,” ते म्हणाले. “इंडिया. लान-मू-ज्या.”

दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि अंगावर काटा आला. झारखंडमधलं रामगड! बाबा कोळसा खाणीत इंजिनिअर होते, माझी पाच वर्षं त्याच भागात गेली. 1940 मध्ये जिथे मौलाना आझादांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याच रामगडात दोन वर्षांनी हे सैनिक उतरले. हिमालयावरून विमानांनी आणखी माणसं आणली गेली. त्यांना पोटभर जेवण, बूट, नव्या बंदुका मिळाल्या, तोफा आणि रणगाडे शिकवले गेले. तिथून तयार होऊन सुन यांची फौज उत्तर ब्रह्मदेशातल्या हुकाँग खोऱ्यात शिरली आणि 1944 च्या डिसेंबरात भामो शहर घेतलं. पण काही जण रामगडातच राहिले. तिथे चिनी कब्रस्तान आहे, सहाशेहून जास्त कबरी, रांगेत. आम्ही रविवारी डबा घेऊन तिकडे जायचो. पाटीवर पुसटशी अक्षरं असायची आणि मला ती चित्रं वाटायची.

आजोबांना हे सांगितलं, तर त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. त्यांचे वडील याच फौजेत होते, ट्रक चालवायला रामगडातच शिकले. “वडील सांगायचे, तिथली माती लाल होती.”

“लालच आहे,” मी म्हटलं.

सुन यांना 1988 मध्ये मोकळं केलं तेव्हा ते 87 वर्षांचे होते. 19 नोव्हेंबर 1990 ला गेले. सरकारी पातळीवर ते निर्दोष ठरायला 2001 उजाडलं. हे सांगताना आजोबांचा आवाज चढला नाही. ते टेबलाची कड बोटाने पुसत राहिले.

मला एकदम आठवलं, बाबांनी जुने अल्बम स्कॅन करून पाठवले होते. फोनमध्ये शोधलं. फ्रॉक घातलेली मी, शेजारी आई, आणि मागे एक कबरीचा दगड. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझ्या खांद्यापलीकडची अक्षरं ते हळूहळू वाचत गेले. आधी हुद्दा, शिपाई. मग प्रांत, हुनान. मग एक नाव.

खिशातून छोटी वही काढून त्यांनी ते उतरवून घेतलं. “अजून आहेत का असे फोटो?” त्यांनी विचारलं. होते. मी गुलाब बाजूला ठेवले आणि आम्ही दुसरा फोटो उघडला.