रडत नाही म्हणजे दुखत नाही?

इथे इंग्लंडमध्ये नर्सिंगला प्रवेश घेतानाच शाखा ठरवावी लागते: मोठ्यांची, लहान मुलांची, मानसिक आरोग्याची की बौद्धिक अक्षमतेची. मी लंडनमध्ये लहान मुलांच्या शाखेला शिकवते. तीन वर्षांत ४६०० तास, त्यातले निम्मे प्रॅक्टिकलचे. आपल्या चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगमध्ये बालआरोग्य येतं पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला. माझी भाची नागपुरात सध्या तिथेच पोचली आहे.

परवा तिचा फोन आला. "मावशी, सिकलसेलचा पोरगा आहे, पाच वर्षांचा, एसएस. आजी म्हणते, पाय खूप दुखून राहिले त्याचे. पण तो तर मस्त मोबाईलवर कार्टून पाहून राहिला!"

सिकलसेल म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अंगात कळा आणणारा आनुवंशिक आजार; एसएस म्हणजे तो आईबाप दोघांकडून आलेला. तो विदर्भाला नवा नाही आणि लंडनलाही नाही. इथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जी तपासणी होते, तिच्यात सिकलसेलही असतो. त्यामुळे हाच प्रसंग माझ्या वर्गात दरवर्षी येतो. लहान मुलांचं दुखणं मोजायला आम्ही 'फ्लॅक' शिकवतो: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. कार्टून बघणाऱ्या त्या पोराला फार तर एक मिळेल, आणि विद्यार्थिनी 'वेदना नाही' लिहून पुढच्या खाटेकडे जाईल. पण कळतं तेव्हापासून दुखणं सोसणारी मुलं रडतीलच असं नाही. ती खेळतात, झोपतात, मोबाईलमध्ये डोकं घालून पाय अजिबात हलवत नाहीत. म्हणून भाचीला म्हटलं, आधी त्यालाच विचार. पाच वर्षांचं पोर बोट ठेवून दाखवतं. मग आजीला विचार: रात्री झोपला का, संडासला चालत गेला की उचलून न्यावं लागलं?

ब्रिटनमध्ये एके काळी दवाखान्यातल्या मुलाला आईबापांनी ठरल्या वेळीच भेटायचं, असा नियम होता. १९५९ च्या प्लॅट समितीच्या सरकारी अहवालाने भेटीवरची बंधनं काढा असं सांगितलं, तरी ते अंगवळणी पडायला पुढे बरीच वर्षं गेली. आपल्याकडे आई खाटेशेजारी चटई टाकून आधीपासूनच झोपते, आजी डबा घेऊन येते. आणि राउंड आला की दोघींना बाहेर काढतात! याचं मला मनापासून वाईट वाटतं. वजनावरून डोस काढणं, दशांशचिन्ह दोन नर्सनी तपासणं हे सगळं शिकवायलाच हवं, ते सुटलं तर पोर जीवानिशी जाईल. पण आजीचं म्हणणं केस शीटवर तिच्याच शब्दांत कसं लिहायचं, हेही तितकंच शिकवायला हवं.

भाचीची पुढची पोस्टिंग नवजात बाळांकडे आहे. टाचेतून रक्त घेताना बाळ आईच्या अंगावर पीत असेल तर त्याला कमी दुखतं, हे तिला आत्ताच सांगून ठेवलं आहे.