डॉनर पास ते ट्रकी : जमिनीवरचा हिमभार काढताना

कॅलिफोर्नियात सिएरा नेव्हाडा डोंगररांगेच्या या पट्ट्यात, डॉनर पास ही खिंड आणि तिच्या पूर्वेचं ट्रकी गाव यांच्या दरम्यान, 7-16 आवृत्तीने काम करताना हिमभार (इमारतीच्या आराखड्यासाठी धरायचं जमिनीवरच्या बर्फाचं वजन) नकाशावरून उचलता येत नाही. एएससीई 7 हे इमारतींवरच्या भारांचं अमेरिकन मानक; त्याच्या 2016 च्या आवृत्तीच्या, म्हणजे 7-16 च्या, नकाशात डोंगराळ भागावर आकड्याऐवजी ‘सीएस’ छापलंय, म्हणजे त्या जागेचा अभ्यास आपणच करायचा. त्याआधी मी स्थानिक बांधकाम विभागाचा किमान आकडा विचारून घेते. आपलं उत्तर त्याहून कमी आलं, तरी बहुतेक वेळा तोच धरावा लागतो.

मग जवळच्या स्नोटेल केंद्रांच्या, म्हणजे बर्फ आपोआप मोजणाऱ्या सरकारी केंद्रांच्या, नोंदी. तिथे उशीसारखा दाबमापक वर साचलेल्या बर्फातलं पाणी इंचात देतो. इंचाला 5.2 पीएसएफ (चौरस फुटाला पौंड), म्हणून 40 इंच पाणी म्हणजे 208 पीएसएफ. बर्फात कडक थर झाला की तो कमानीसारखा वजन आजूबाजूला टाकतो आणि उशी कमी दाखवते. थर मोडला की आकडा एकदम उडी घेतो. अशी उडी दिसली की त्याच दिवसांची बर्फाची खोली आणि पर्जन्य शेजारी मांडून बघावं.

प्रत्येक हंगामाचा, ऑक्टोबर ते सप्टेंबर, एकच कमाल आकडा घ्यायचा. महिन्यातून एकदा हाताने मोजलेल्या नोंदींत हे शिखर निसटतं.

खरी गंमत पुढे आहे. या वार्षिक कमाल आकड्यांवर लॉगनॉर्मल वक्र (आकड्यांचे लॉगरिदम घेऊन बसवलेला संभाव्यतेचा वक्र) बसवताना 2015 सारखं जवळजवळ कोरडं वर्ष आलं की लॉगमधला विखुरलेपणा फुगतो, आणि 50 वर्षांचा आकडा, म्हणजे कुठल्याही वर्षी ओलांडला जाण्याची शक्यता 2 टक्के असलेला भार, चक्क वाढतो! दुष्काळाने भार वाढवला, असं मालकाला सांगून बघा. म्हणून मी संभाव्यता-कागदावर (ज्यावर असा वक्र सरळ रेष दिसतो) सगळे बिंदू मांडते आणि रेषा वरच्या बिंदूंना जुळते का ते पाहते. खालचा एकटा बिंदू तिला ओढत असेल, तर फक्त वरच्या भागावर पुन्हा बसवते.

त्यानंतर उंची विरुद्ध भार असा आलेख काढून जागेच्या उंचीवर वाचायचं. माथ्याच्या पश्चिमेची आणि पूर्वेची केंद्रं मात्र एका रेषेत घालू नयेत. पूर्व उतार पर्जन्यछायेत आहे. आपल्याकडे घाटमाथा आणि त्यापलीकडचं पठार यांत पावसाचा जो फरक, तोच इथे बर्फाचा. जागा ट्रकीकडची असेल तर पूर्वेकडची चार केंद्रंही दोन्हीकडच्या दहांपेक्षा बरी.

काही केंद्रांवर फक्त खोली मोजलेली असते. 0.279 × खोलीचा 1.36 वा घात हे प्रचलित सूत्र 60 इंचांना सुमारे 73 पीएसएफ देतं, म्हणजे घनता पाण्याच्या 23 टक्के. सिएरातला वसंतातला बर्फ 40 टक्क्यांवर जातो, तेव्हा त्याच 60 इंचांचे 125 होतात. इथे ते सूत्र मी वापरत नाही.

शेवटी आवृत्ती तपासायची. 7-16 चा आकडा 50 वर्षांचा, त्यावर आराखडा करताना सुरक्षिततेसाठी 1.6 गुणक लागतो. 2022 च्या आवृत्तीचे, म्हणजे 7-22 चे, आकडे इमारतीच्या जोखीम-वर्गानुसार वेगळे, ती वाढ त्यांतच धरलेली आणि गुणक 1.0. एएससीईच्या ऑनलाइन हॅझर्ड टूलमधला 7-22 चा आकडा उचलून 7-16 साठी केलेल्या जुन्या एक्सेलमध्ये टाकला, की 1.6 दुसऱ्यांदा लागतो आणि तुळया उगाच जाड होतात.