दिंडोरीहून हर्सूल, बारी, नांदूर : आपल्यासारख्याच छोट्या होमस्टेवाल्यांना भेटून आले, तीन दिवसांचा वृत्तांत

दिंडोरी रोडला द्राक्षाच्या बागेत आमच्या तीन खोल्या आहेत, गेली सहा वर्षं मी आणि सासूबाई मिळून कृषी पर्यटन चालवतो. जानेवारी अखेर ते मार्च, काढणीच्या टायमाला, फोन थांबत नाही. मागच्या वर्षी एका शनिवारी अकरा फॅमिलींना नाही म्हणावं लागलं आणि जून लागला की त्याच खोल्यांना कुलूप. ते अकरा फोन माझ्या डोक्यातून जात नव्हते. कारण त्याच शनिवारी आपल्याच भागात कुणाच्यातरी खोल्या रिकाम्या असणार, घरच्या बाईनं चार भाकरी जास्त थापायची तयारी ठेवलेली असणार, फक्त तिचा नंबर माझ्याकडे नव्हता.

नंबर नव्हता असंही नाही खरं तर. दोन वर्षांपूर्वी नाशिकला एका ट्रेनिंगमध्ये आम्हा चौदा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला होता. पण त्यावर काय, गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि दिवाळीच्या शुभेच्छा. कुणी कुणाचं घर बघितलेलं नाही, जेवण चाखलेलं नाही, मग माझा पाहुणा मी कुणाच्या भरवशावर पाठवणार? म्हणून ठरवलं की काढणी सुरू व्हायच्या आत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, शुक्रवार ते रविवार जमेल तेवढ्यांकडे जाऊन यायचं, राहायचं, आणि पूर्ण पैसे देऊन राहायचं. भाच्याला घेतलं, इको गाडी काढली आणि निघालो.

पहिला मुक्काम हर्सूलकडे, हरिहर किल्ल्याच्या बाजूच्या एका पाड्यावर, ग्रुपमधल्या एका ताईंकडे. नाशिकहून त्र्यंबक पाऊण-एक तास, त्र्यंबक सोडलं की मोबाईलची रेंज जायला लागते ते लक्षात ठेवा, मॅप आधीच डाऊनलोड करून घ्या. आम्ही केला नव्हता. वर त्या ताईंच्या घराचा गूगलवरचा पिन सरळ चुकीचा, त्याच नावाच्या दुसऱ्या पाड्यावर नेऊन सोडलं आम्हाला. तिथल्या आजोबांनी हसत सांगितलं, या महिन्यात तुम्ही चौथी गाडी.

ताईंच्या दोन खोल्या, पुढे सारवलेली ओटी. जेवायला नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी, ती चटणी मी डबा भरून घरी आणली. पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती ओटीच्या कोपऱ्यातल्या खांबाला खिळ्यावर टांगलेली कापडी पिशवी. त्यात ताईंचा मोबाईल. घरात रेंज येते ती फक्त तिथं, तीही सकाळी आणि रात्री उशिरा. मुंबईहून कुणी दुपारी मेसेज टाकतो की शनिवारी दोन रूम आहेत का, ताई शेतातून येऊन रात्री बघतात, तोवर त्यानं दुसरीकडे बुक केलेलं असतं. बुकिंग अॅपवर तर उत्तराला उशीर झाला की तुमचं नाव यादीत खाली खाली जातं. जेवण, घर, माणसं सगळं उत्तम असून बाई मागे पडते ती खांबावरच्या पिशवीपायी, आणि याचं मला फार वाईट वाटलं.

मग त्या रात्री बसून आम्ही दोन कामं केली. एक, ताईंचं व्हॉट्सअॅप बिझनेस माझ्या लॅपटॉपला जोडलं. एका अकाउंटला फोनशिवाय चार डिव्हाइस जोडता येतात आणि मूळ फोनला नेट नसलं तरी ती चालू राहतात, फक्त चौदा दिवसांत एकदा तरी मूळ फोन वापरात आला पाहिजे. म्हणजे दिवसा उत्तरं मी देणार, रेट आणि मेनू त्यांनी सांगितलेलाच, रात्री त्या यादी बघून पक्कं करणार. अर्थात हे ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशीच करा, त्यात तुमचे सगळे मेसेज दिसतात. दुसरं काम पिनचं. जागा खरी आहे याची खात्री करायला गूगल आता बऱ्याच वेळा व्हिडिओ मागतं, रस्ता, आजूबाजूची खूण, नावाची पाटी आणि जागा तुमच्याच ताब्यात आहे हे दिसायला हवं. पाटीच नव्हती. सकाळी भाच्यानं पत्र्यावर ऑइलपेंटनं नाव लिहिलं, वाळेपर्यंत चहा झाला, मग वळणावरच्या मोहाच्या झाडापासून चालत येत पाटी दाखवून ताईंनी किल्लीनं दार उघडलं, असा एक सलग व्हिडिओ. अपलोड व्हायला पाऊण तास. पाड्यावर घर नंबर, गल्ली काही नसतं, त्यामुळे मॅपमधला प्लस कोडसुद्धा, म्हणजे पत्त्याऐवजी चालणारा छोटा कोड, कॉपी करून प्रत्येक बुकिंगच्या मेसेजमध्ये टाकायला शिकवलं.

हरिहर मी चढले नाही, गुडघ्याचं कारण. भाचा गेला. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या उतरताना तोंड कातळाकडे ठेवायचं, खोबण्यांत हात घालत उतरायचं, आणि शनिवार-रविवार पावसाळ्यात जाऊच नका असं त्याचं म्हणणं. सोमवार ते शुक्रवारात जा, ताईंनाही त्याच दिवशी पाहुणे हवे असतात.

शनिवारी पहिने-घोटी मार्गे बारीला. कळसूबाईच्या पायथ्याचं गाव, 1646 मीटरचं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर डोक्यावर. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, पण घोटीवरून वर गेलेल्या पाहुण्याला जिल्ह्याची हद्द कुठं दिसते, त्याला हे सगळं नाशिकच वाटतं, मग आपण तरी कशाला हद्दी पाळायच्या. इथल्या दादांचा धंदा माझ्या बरोब्बर उलटा. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे, मग भंडारदऱ्याचा पाऊस, तेव्हा पाय ठेवायला जागा नाही. द्राक्षाच्या टायमाला फक्त ट्रेकवाले, तेही पहाटे येऊन दुपारी परत.

दादांनी मागच्या जूनमधली गोष्ट सांगितली. त्यांनी वहीत एका फॅमिलीला खोली दिलेली आणि एका बुकिंग अॅपवर तीच खोली दुसऱ्या कुणी घेतली, दोन्ही गाड्या रात्री अकराला भर पावसात दारात. दादा-वहिनी स्वतः पडवीत झोपले आणि आपली खोली दिली. तरी रिव्ह्यू एक स्टार आला. वहिनी हे सांगताना शांत होत्या, पण मुलीच्या अभ्यासाच्या वह्या त्या रात्री भिजल्या तेवढं दोनदा सांगितलं. तेव्हा हे वाचणाऱ्या सगळ्या होमस्टेवाल्यांना हात जोडून सांगते, वही किंवा अॅप, खरं कॅलेंडर एकच ठेवा. दोन अॅप असतील तर त्यांची कॅलेंडर एकमेकांना जोडायची सोय असते, पण ती जुळायला वेळ जातो, त्यामुळे गर्दीच्या शनिवार-रविवारी अॅपवरून खोल्या काढूनच टाका आणि फोनवर द्या. तसंही अॅपचं कमिशन 15 ते 20 टक्के, कुठं त्याहून जास्त, ते गर्दीच्या दिवशी कशाला द्यायचं.

मग कमिशनवरून आमच्यातच वाद. मी म्हटलं, एकमेकांना पाहुणे पाठवले तर दहा टक्के ठेवू, हिशेब स्वच्छ. भाचा म्हणाला पाच. वहिनी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "लावणीला आम्ही सावड करतो ताई, आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्यात तुम्ही. पैशे कोण मोजतंय? काजव्याला तुम्ही पाठवा, द्राक्षाला आम्ही पाठवतो." त्यावर कुणाला बोलायला काही उरलं नाही. तेच ठरलं. पैसे नाहीत, फक्त कुणी कुणाला किती पाठवले ते एका शीटमध्ये लिहायचं, म्हणजे सावड एकतर्फी होत नाही.

नवं काही शोधलं असं मी म्हणत नाही. तिथून जवळच पुरुषवाडीला पाहुणे गावातल्या घराघरांत जेवतात. लडाखला हिमबिबट्याच्या पट्ट्यातल्या होमस्टेंमध्ये घरं पाळीनं पाहुणे घेतात, एकाच घराला सगळे मिळत नाहीत. नेपाळात काठमांडूजवळ पनौतीला बायकांनी आपापल्या घरात सुरू केलेल्या होमस्टेपासून आज देशभरातल्या गावांचं एक जाळं झालंय, वेबसाइट एक, बुकिंग एका जागी आणि पाहुणा मात्र गावात. केरळमध्ये कुमारकोमला गावातल्या बायका हॉटेलांना भाजी पुरवतात, राज्य सरकारचं त्यासाठी वेगळं मिशन आहे. मला या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते, इंटरनेट नंतर आलं, आधी माणसं एकमेकांच्या घरी जाऊन जेवलेली होती. आमच्या ग्रुपचं नेमकं तेच राहिलं होतं.

रात्री घरी आलो आणि रविवारी पहाटे पाचला पुन्हा बाहेर, निफाडमार्गे नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं हे पाणी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा आणि उजाडायच्या आत पोचा, दहानंतर ऊन तापलं की मजा जाते. चक्रवाक, थापट्या, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी मनसोक्त बघितले. गावातला गाइड घ्याच, त्याच्या दुर्बिणीतून जे दिसतं ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या ग्रुपमधला पोरगा गाइडच आहे, खोल्या नाहीत. त्याचं दुखणं असं की पक्षी बघून लोक साडेदहाला मोकळे होतात आणि सरळ नाशिकला निघून जातात. मी म्हटलं, मग दिंडोरीला पाठव, बागेत जेवण आणि दुपारचा आराम, संध्याकाळी घरी. आणि माझ्याकडचे मुक्कामी पाहुणे पहाटे तुझ्याकडे. हे दोन्हीकडून जमण्यासारखं आहे.

त्याला गेल्या हिवाळ्यात साडेआठ हजारांना फसवलं गेलंय, तेही सांगते कारण ही फसवणूक सगळीकडे चालते. समोरचा म्हणतो मी सैन्यात आहे, वीस जणांची बुकिंग, अॅडव्हान्स पाठवतो, तुम्ही फक्त हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. असं झालं तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही आता असा नंबर आला की लगेच ग्रुपवर टाकतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं अजून. हर्सूलकडे रोख पैसे ठेवा, क्यूआर आहे पण तुमच्याच फोनला रेंज नसते. जेवणाची संख्या आदल्या दिवशी कळवा, नागली दळायची असते. फोनवर बुक करा आणि घासाघीस करू नका. होमस्टेवाल्यांनी परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन भरून द्यायची असते (पूर्वी याला सी फॉर्म म्हणायचे), ते विसरू नये. आणि 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून ठेवा, 2027 च्या सिंहस्थाला पाहुणे येतील तेव्हा कागद हाताशी असलेला बरा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हर्सूलच्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला, मागे पोरांचा गलका आणि भांड्यांचा आवाज. तुम्ही पाठवलेले ठाण्याचे पाहुणे आले म्हणे, कुणालाही रस्ता न विचारता, सरळ पाटीपाशी गाडी लावली. आणि खुरासणीची चटणी संपली असेल तर कळवा, बारीचे दादा परवा इकडून जाणार आहेत, त्यांच्याकडे देते.